मोरसाचा बांध

फाल्गुन लागला की मीराबाईचं ताटावरचं लक्ष उडायचं. पापलेट वाढा की सुरमई वाढा, ती जेवायची, पण मन खाडीच्या बांधावर असायचं. तिथं मोरस फुटलेला असायचा.

मोरस ही काही मानाच्या पंगतीत बसणारी भाजी नव्हे. खाऱ्या चिखलात उगवणारं वीतभर झुडूप, त्याला तांदळाच्या दाण्याएवढी फुगीर हिरवी पानं. पान दाताखाली फोडलं की खाडीचं पाणी तोंडात येतं. कोवळी आहे तोवरच खायची. ऊन तापलं की ती लाल होते, नुसत्या काड्या राहतात, मग बकरीसुद्धा हुंगून सोडून देते. दोनदा उकडायची, पाणी ओतून टाकायचं, मुठीत घट्ट पिळायची आणि कांदा-लसणीवर जवळा परतून त्यात टाकायची. मीठ घालायचं नाही. ते खाडीनं आधीच घातलेलं असतं. मिठागरात राबलेल्या घरांना हे कधी सांगावं लागलं नाही.

कोलशेतच्या या खाडीकाठी मोरस खुडायला दोघींनी जायचा रिवाज होता. एकटीदुकटी बाई चिखलात रुतली तर ओढायला कोणी हवं, म्हणून तो पडला असावा. मीराबाई लग्न होऊन आली तेव्हापासून तिच्या जोडीला शेजारच्या ख्रिश्चन आळीतली अ‍ॅग्नेस होती. मीराबाईचा शिमगा आणि अ‍ॅग्नेसचे ईस्टरआधीचे उपास साधारण एकाच सुमाराला यायचे. उपासाच्या शुक्रवारी अ‍ॅग्नेसकडे मटण शिजत नसे, मोरस शिजे. तिच्या बाटलीच्या मसाल्याचा वास आला की मीराबाई वाटी घेऊन हजर, आणि मीराबाईच्या आगरी मसाल्याचा वास गेला की अ‍ॅग्नेस.

आता दोघींची सत्तरी जवळ आली होती. मीराबाईचे गुडघे गेले होते आणि अ‍ॅग्नेसच्या डोळ्यांत मोतीबिंदू पिकला होता. एकीला वाकता येत नव्हतं, दुसरीला धड दिसत नव्हतं. तरी गेल्या शिमग्यापर्यंत काम झकास चाललं होतं. मीराबाई बांधावर पाय पसरून बसायची. अ‍ॅग्नेस साडी खोचून चिखलात उतरायची.

"डावीकडं. आनखी डावीकडं गो. तो लाल हाय, सोड त्याला."

"हा?"

"हा. नुसता शेंडा."

अ‍ॅग्नेस नखानं शेंडा खुडायची. मुळाला हात लावायचा नाही, हा दुसरा रिवाज. शेंडा खुडला की पुन्हा फुटतो, आणि मूळ बांधाची माती धरून ठेवतं. मीराबाईचा नवरा धाकू जिवंत होता तेव्हा म्हणायचा, "दोन म्हाताऱ्या मिळून एक धड बाई होते. बरंय, जेवणाचा खर्च मात्र दोघींचा." दोघी त्याला एकदम शिव्या द्यायच्या.

या वर्षी मात्र मीराबाई घराच्या गच्चीत बसली होती.

झालं होतं असं. मीराबाईचा मुलगा कमलेश डंपर चालवायचा, म्हणजे चालवायला माणसं ठेवायचा. खाडीला लागून त्यांचं खाजण, म्हणजे बांधाआडचं खारं भातशेत होतं. भात बंद झाल्यापासून ते रिकामंच पडलं होतं. तिथं डंपर उभे करायचे कमलेशच्या मनात होतं. जायला वाट फक्त बांधावरून. बांध रुंद करून त्यावर खडी टाकली की काम झालं. पण त्याच बांधामागं अ‍ॅग्नेसच्या मुलाचं, सिरिलचंही खाजण होतं, आणि त्यात त्यानं तळं करून जिताडे मासे पाळले होते. तो म्हणाला, बांध आमचा आहे, गाडी चढायची नाही. कमलेश म्हणाला, बांध आमचा आहे, कशी चढत नाही बघतो. मधला हद्दीचा दगड कधीच चिखलात गेला होता. दोघं एका शाळेत एका बाकावर बसलेले, पण त्या दिवशी कमलेशच्या गेटवर एकमेकांच्या बापापर्यंत पोचले. मग मोजणीचा अर्ज गेला आणि शिमग्यानंतरच्या आठवड्यातली तारीख लागली.

त्या संध्याकाळी कमलेश आईजवळ येऊन बसला.

"आये, मोजणी होईपर्यंत अ‍ॅग्नेसमावशीशी बोलायचं नाय."

"का रे?"

"तू भोळी आहेस. त्या गोड बोलून काढून घेतील, आणि तू साहेबासमोर बोलून बसशील, बांध त्यांचा म्हणून."

"बांध काय कोनाचा असतो? बांध खाडीचा."

"बघ! हेच सांगतोय मी," कमलेश म्हणाला.

घर मीराबाईच्या नावावर होतं, पण घरात आवाज मुलाचा होता. म्हातारपणी हे असं होतं, त्यात कुणाचं फार चुकतं असं नाही. पण तिला लागलं. ज्या तोंडानं याला बोलायला शिकवलं त्या तोंडाला याच्याकडून कुलूप, असं तिच्या मनात आलं आणि ते तिनं गिळलं.

एका शुक्रवारी सकाळी तिला गच्चीतून अ‍ॅग्नेस दिसली. एकटीच बांधावर गेली होती. वाकून हातानं चाचपत होती, खुडत होती, टोपलीत टाकत होती. इतक्या लांबूनही मीराबाईला कळत होतं की ती लाल, जून काड्याच खुडतेय. कोवळा ताटवा हातभर उजवीकडं होता.

"उजवीकडं गो, उजवीकडं," मीराबाई पुटपुटली.

सून दर्शना मागं कपडे वाळत घालत होती. ती म्हणाली, "काय म्हणालात आई?"

"काय नाय. ऊन लागतंय."

दुपारी कोळीण आली. तिची टोपली आळीच्या तोंडाशी उतरायची. मीराबाई काठी टेकत पोचली तर अ‍ॅग्नेस आधीच तिथं. दोघी दोन बाजूंना उभ्या राहिल्या. कोळीण मधे बसून दोघींकडे आळीपाळीनं बघत राहिली.

अ‍ॅग्नेस कोळिणीला म्हणाली, "जवळा दे, पन थोडाच दे. भाजी जून निघाली. चावता चावता माजी कवळी हातात आली."

मीराबाईही कोळिणीलाच म्हणाली, "जून निघनारच. दिसत नाय तर जायचं कशाला एकटीनं? रुतली असती म्हंजे?"

"सांग तिला," अ‍ॅग्नेस म्हणाली, "बरोबर येनारी गच्चीत बसली तर मानूस काय करील?"

"हिला सांग, गच्चीत हौसेनं नाय बसले."

"ठावं हाय म्हनावं," अ‍ॅग्नेस म्हणाली. तिचा आवाज जरा खाली आला. "ठावं हाय मना."

कोळीण म्हणाली, "माझा जवळा घेता का मी जाऊ?"

दोघींनी जवळा घेतला. एकमेकींशी बोलायचं नाही हा शब्द काही मोडला नाही. घरी येऊन मीराबाईनं जवळ्याची पुडी फडताळात ठेवली आणि त्या रात्री अर्धी भाकरी टाकून उठली. दुसऱ्या दिवशीही तेच. तिसऱ्या दिवशी दर्शनानं नवऱ्याच्या कानावर घातलं.

कमलेश तसा वाईट माणूस नव्हता. आवाज मोठा, पण आईनं ताट सरकवलं की त्यालाही जेवण जायचं नाही. आईला काय हवंय ते त्याला माहीत होतं, निदान त्याला तसं वाटत होतं. सकाळी त्यानं हाफपँट चढवली, गोणपाट घेतलं आणि ओहोटीला बांधावर गेला. लहानपणी आईच्या मागं मागं तो शंभरदा गेला असेल, पण तेव्हा त्याचं लक्ष खेकड्यांत. मोरस कसा काढतात ते त्यानं कधी पाहिलंच नव्हतं. त्यानं मूठ भरली आणि ओढली. चिखल मऊ होता, अख्खं झुडूप हातात आलं. सोपं काम आहे, असं त्याला वाटलं. त्यानं आपल्या बाजूनं सुरुवात केली ती पार बांधाच्या वळणापर्यंत साफ करत नेली.

गोणी त्यानं अंगणात ओतली. "घे आये. खा आता पोटभर."

मीराबाई ढिगाकडे बघत राहिली. मुळं, मुळांना माती, मातीत लहान खेकडे.

"सगळा?"

"सगळा! सिरिलला कशाला ठेवू?"

तिच्या तोंडावर आलं होतं, अरे मुळावर उठलास तू. पण त्याच्या पोटऱ्यांवर चिखल वाळला होता, हाताला कालवांनी ओरखडे आले होते, आणि तो लहानपणी बक्षीस आणल्यावर उभा राहायचा तसा उभा होता. मीराबाई म्हणाली, "दमलास. आंघोळ कर जा."

तिनं बसल्या बसल्या शेंडे खुडून दर्शनाकडे दिले. दर्शना डोंबिवलीची. चांगली सुगरण, पुरणपोळीत तिचा हात धरणारं कोणी नव्हतं, पण मोरस तिनं स्वतः कधी शिजवला नव्हता. दर शिमग्याला ही भाजी सासूच करायची. या वेळी सासू चुलीशी आलीच नाही, अंगणातच बसून राहिली. दर्शनानं भाजी एकदा उकडली, कांदा परतला आणि सगळ्या भाज्यांत घालतात तसं मीठ घातलं, वर चव न बघता आणखी चिमूटभर.

कमलेशनं पहिला घास घेतला आणि त्याचे डोळे मोठे झाले. पण आईसाठी म्हणून आणलेली भाजी. त्यानं घास गिळला, तांब्याभर पाणी प्यायला आणि दुसरा घास घेतला.

"कशी झालीय?" दर्शनानं विचारलं.

"छान," कमलेश घोगऱ्या आवाजात म्हणाला.

मीराबाईनं बोट लावून चाटलं आणि कितीतरी दिवसांनी हसली. "सोड रे, मरशील. दर्शना, माजंच चुकलं, तुना सांगितलं नाय. याच्यात मीठ घालायचं नसतं."

दर्शनाचं तोंड एवढंसं झालं. भाजी परसात गेली. पण जेवणं आटोपून दर्शना ती ओतायला गेली तेव्हा तिनं पाहिलं, सासूनं ती शेंडे खुडलेली मुळं फेकलेली नव्हती. मोठ्या घमेल्यात चिखल कालवून त्यात दाटीनं खोचून ठेवली होती, आणि आता मुठीनं जाडं मीठ पाण्यात विरघळवून त्यावर शिंपडत होती. भाजीत मीठ नको आणि झाडाला मीठ हवं. दर्शनानं कपाळावर हात मारून घेतला.

होळी पेटली. दुसऱ्या दिवशी धुळवड. पुनवेचं उधाण दुपारी चढतं हे खाडीकाठच्या शेंबड्या पोरालाही माहीत, पण त्या दिवशी कुणाचं लक्ष खाडीकडे नव्हतं. कमलेश गेटसमोर स्पीकर लावून गुलालात न्हाला होता. तेवढ्यात सिरिल धावत आला. त्याच्या अंगावर रंग नव्हता, कमरेपर्यंत चिखल होता. तो गेटच्या बाहेरच थांबला, आत पाय टाकायचा की नाही ते त्याला कळेना. मग तिथूनच ओरडला, "खांड! बांधाला खांड पडली!"

स्पीकर चालूच होता. कमलेश नुसता बघत राहिला. त्याच्या मनात आलं, जिताडे सिरिलचे, वाहून गेले तर गेले.

मीराबाई ओट्यावरून उठली. "बघतोस काय? खांडीला बोलावनं नसतं. तुजा बाबूस जेवत्या ताटावरून उठून जायचा."

"आये, त्याच्या तळ्याला..."

"खाडी काय सातबारा बघून येते? जा!"

कमलेश गेला. आळीतली माणसं रंगलेल्या तोंडांनी त्याच्या मागं निघाली. बांधाला बैलगाडी जाईल एवढं भगदाड पडलं होतं आणि खाडीचं पाणी दोन्ही खाजणांत सारखंच घुसत होतं. सिरिलच्या तळ्याच्या जाळ्या वाकल्या होत्या. कमलेशच्या बाजूलाही, बांध सुरू होतो तिथं, आदल्या दिवशी उभा करून ठेवलेला डंपर चाकांपर्यंत पाण्यात होता.

"जेसीबी बोलावतो," कमलेश म्हणाला आणि त्यानं फोन काढला.

"बोलाव," सिरिल म्हणाला. "आधी तो बांधावर चढेल, मग बांध घेऊन खाडीत जाईल."

कमलेशनं फोन खिशात ठेवला. भगदाड हातानंच बुजवायचं होतं, आणि तेही ओहोटी लागल्यावर. होळीच्या मांडवाचे बांबू आले, गोणपाटं आली. पाणी उतरायला लागलं तसे सगळे चिखलात उतरले. बांबू ठोकून मधे पेंढा भरायचा, मग चिखलाचे गोळे हातोहात द्यायचे आणि पायानं तुडवायचे. रांगेत कमलेशच्या पुढं सिरिल आला. गोळा घ्यायचा म्हणजे तोंडाकडे बघावं लागतं. पहिले काही गोळे दोघांनी छातीकडे बघून दिले-घेतले. मग एक गोळा फुटून कमलेशच्या तोंडावर उडाला आणि सिरिलला हसू आलं. "धुळवड आहे," तो म्हणाला. पुढचा गोळा कमलेशनं सिरिलच्या तोंडाकडे बघून दिला.

मीराबाई दर्शनाचा हात धरून पोचली. अ‍ॅग्नेस आधीच बांधावर होती. मीराबाई नेहमीच्या जागी पाय पसरून बसली. अ‍ॅग्नेसनं साडी खोचली आणि खांडीच्या कडेला उतरून पायानं माती चाचपायला लागली. तिला डोळ्यांनी दिसत नव्हतं ते तळव्यांना कळायचं. थोडी पुढं गेली, मागं आली, आणि थांबली.

"मीरे," ती म्हणाली. कोळिणीला नव्हे, थेट तिलाच. "इथं मोरस नाय. मुळंच नाय इथं. नुसती भुसभुशीत माती हाय. कोनी उपटला?"

रांग थांबली. कमलेशच्या हातात चिखलाचा गोळा होता. मीराबाईनं त्याच्याकडे बघितलं नाही. ती म्हणाली, "मीच उपटला."

"तू?" अ‍ॅग्नेस हसली. "तुना वाकता येत नाय, उपटलास कशानं, काठीनं? आनि मना शिकवलास तू, मुळाला हात नाय लावायचा म्हनून."

चाळीस माणसांसमोर मुलाची मान खाली जाऊ नये, एवढंच मीराबाईच्या जिवाला लागलं होतं. पण खोटं बोलायची तिला सवय नव्हती.

"मावशी, मी उपटला," कमलेश म्हणाला. गुलाल आणि चिखल यांत त्याचा चेहरा दिसत नव्हता, हे एक बरं होतं. "आय जेवत नव्हती म्हणून. मला नव्हतं माहीत."

सिरिल एक शब्द बोलला असता तर पुन्हा जुंपली असती, आणि बोलायचा त्याला हक्क होता. अर्धे मासे गेले होते त्याचे. त्यानं नुसते हात पुढे केले.

"दे," तो म्हणाला. "भरतीच्या आत भरायचंय."

अंधार पडायच्या आधी खांड भरली.

त्यानंतरच्या शुक्रवारी सकाळी ओहोटीला मीराबाई घमेलं घेऊन बांधावर निघाली. म्हणजे घमेलं कमलेशच्या डोक्यावर होतं. आईनं सांगितलं आणि त्यानं ते उचललं. डंपरचा मालक डोक्यावर चिखल घेऊन चाललाय म्हणून नाक्यावरचे चारजण हसले. त्यानं ऐकून न ऐकल्यासारखं केलं. घमेल्यातल्या मुळांना पोपटी डोळे फुटले होते. दर्शना मागून टोपली घेऊन आली. वळणापलीकडचा, सिरिलच्या बाजूचा मोरस शाबूत होता, आणि आज तिला खुडायला शिकायचं होतं.

अ‍ॅग्नेस वाट बघत होती. नवी माती काळी, गुळगुळीत, उघडी पडली होती. मीराबाई बसली. अ‍ॅग्नेस अंगठ्यानं भोक पाडायची, मूळ ठेवायची आणि माती दाबायची.

"सिरिल सांगतो," अ‍ॅग्नेस काम करता करता म्हणाली, "ओला बांध काय मोजायचा? दोघांनी मिळून तारीख पुढं ढकलली. दोन पावसाळे खाल्ल्याबिगर या मातीवर गाडी चढायची नाय."

"आनि मंग?"

"मंग मोजनी. मंग खडी. मंग कसला मोरस न काय."

मीराबाईनं खाडीकडे बघितलं. पलीकडच्या टॉवरांच्या काचांवर ऊन आलं होतं. "दोन पावसाळे म्हंजे दोन शिमगे," ती म्हणाली. "पुष्कळ झाले गो. आपल्याला आनखी किती लागतात?"

"तेही खरं," अ‍ॅग्नेस म्हणाली, आणि दोघी मनापासून हसल्या.

कमलेश मागंच उभा होता. तो हसला नाही. बांधावरून दिवसाला किती खेपा होतील याचा हिशेब त्यानं केला होता, आईला किती शिमगे उरलेत याचा केला नव्हता. त्याला एकदम रडू आल्यासारखं झालं, आणि भर सकाळी बायकोसमोर-शेजारणीसमोर रडायचं नाही म्हणून तो पँट दुमडून चिखलात उतरला. त्यानं घमेल्यातनं मूठभर मुळं घेतली आणि अ‍ॅग्नेसपासून हातभर अंतरावर, बरोबर गाडीची चाकं गेली असती त्या जागी लावायला सुरुवात केली.

"दाट नको लावू रे," मीराबाई म्हणाली. "पसरायला जागा ठेव त्याला."

कमलेशनं मूळ उपसलं आणि थोडं लांब लावलं.

"अंगठ्यानं दाब."

त्यानं अंगठ्यानं दाबलं.